डेटोनावरची हौशी साइट: वर्डप्रेस की ह्यूगो?

रोलेक्स डेटोना या घड्याळावर साइट काढायचीय आणि वर्डप्रेस की ह्यूगो (दोन्ही साइट बनवायची साधनं) यावर गाडी अडलीय, असं एका घड्याळवेड्या मित्राने विचारलं. ‘पाच मिनिटांत साइट’ वगैरे जाहिराती बाजूला ठेवू.

खर्च: वर्डप्रेस स्वतः फुकट, पण त्याला पीएचपी (ही प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि डेटाबेस चालवणारं होस्टिंग लागतं, म्हणजे दरवर्षी पैसे. ह्यूगो साध्या एचटीएमएल फाइली बनवतो. त्या गिटहब पेजेसवर (गिटहबची साइट ठेवायची सेवा) फुकट राहतात. मर्यादा १ जीबीची, तेव्हा डायलचे फोटो आधी लहान करा. डोमेनचे पैसे दोन्हीकडे. (त्यात ‘रोलेक्स’ हा शब्द घालू नका, ट्रेडमार्कचं झेंगट मागे लागेल.)

मेहनत: सुरुवातीला वर्डप्रेस सोपं, लिहा आणि प्रकाशित करा. ह्यूगोत मार्कडाउन (साध्या खुणा वापरून मजकूर लिहायची पद्धत) आणि कमांड लाइन (आज्ञा टाइप करून संगणक चालवणं) शिकावी लागते. नंतर मात्र पारडं फिरतं. वर्डप्रेसचे प्लगइन (वरून जोडायच्या सुविधा) सतत अपडेट करावे लागतात, नाहीतर साइट हॅक व्हायची भीती. ह्यूगोची साइट वर्षभर हात न लावता चालते.

मजकूर: माझ्या मते निर्णय इथे होतो. १९६३ची ६२३९ (हे मॉडेल क्रमांक), १९८८ची झेनिथ कंपनीच्या यंत्रावर बेतलेली १६५२०, २००० सालची रोलेक्सच्या स्वतःच्या ४१३० कॅलिबरची (म्हणजे यंत्राची) ११६५२०, अशी संदर्भसूची करायची तर ह्यूगोच्या डेटा फाइलीतून तक्ते आपोआप बनतात.

वाचकांच्या प्रतिक्रिया हव्यात, दर आठवड्याला लिहायचंय, कोडची धास्ती आहे? वर्डप्रेस घ्या. टिकाऊ संदर्भकोश हवा असेल तर ह्यूगो.