बोधी म्हणजे काय: पाली वाट धरावी की तिबेटी?

बडोद्यात दांडिया बाजारात आम्ही काही जण रविवारी ध्यानाला बसतो. नवीन माणूस आला की हमखास विचारतो, दहा दिवसांच्या विपश्यनेला जाऊ की एखाद्या तिबेटी लामांकडे? शील, करुणा, ध्यान दोन्हीकडे आहेच. वाटा फुटतात त्या बोधी म्हणजे नेमकं काय, इथे.

विपश्यनेची वाट पाली सुत्तांतून, म्हणजे पालीतल्या बुद्धवचनांतून येते. तिथे साती नावाचा भिक्खू आहे, कोळ्याचा मुलगा. एकच विज्ञान, म्हणजे जाणीव, जन्मोजन्मी फिरतं, असं तो धरून बसला होता. बुद्धांनी त्याला चांगलंच सुनावलं. लाकडावर पेटला तो लाकडाचा जाळ, शेणीवर पेटला तो शेणीचा. जाणीवही तशीच, कारण असेल तर उपजते. मग बोधी म्हणजे तृष्णेचं सरपण संपणं. विपश्यनेच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते, पहिले तीन दिवस नुसता श्वास, फी नाही. सहाव्या दिवशी माझ्या गुडघ्यातली कळ बघता बघता बारीक ठोक्यांत विरघळली आणि तिला ‘माझी’ म्हणणारं कुणी सापडेना. साती कुठे चुकला, ते मला तेव्हा कळलं.

झोगचेन ही तिबेटी साधनापरंपरा म्हणते, रिग्पा, म्हणजे चित्ताची मूळ जाण, मुळातच निर्मळ आहे; ती मिळवायची नाही, ओळखायची. दरिद्री माणसाच्या घराखाली ठेवा पुरलेला असावा, तशी. ही ओळख गुरूच करून देतो आणि त्याआधी बहुधा लाखभर दंडवतं घालावी लागतात.

आपली अडचण वेगळीच आहे. आत्मा-ब्रह्म लहानपणापासून कानावर पडलेलं, त्यामुळे रिग्पा ऐकली की ‘हे तर आपलंच’ म्हणून आपण मोकळे होतो. तिबेटात बौद्ध धर्म रुजवणाऱ्या आठव्या शतकातल्या शांतरक्षितांनी ही गल्लत नेमकी हेरली होती. त्यांचा ‘तत्त्वसंग्रह’ आपल्या बडोद्याच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२६ साली छापला गेला. त्यात अद्वैत्यांबद्दल ते म्हणतात, ‘तेषामल्पापराधं तु दर्शनं नित्यतोक्तितः’: यांचा अपराध थोडासाच, जाणिवेला नित्य म्हणण्याचा. तेवढ्या एका शब्दावर सगळं अडलंय.

म्हणून घरात हरिपाठ ऐकत वाढलेल्यांना मी आधी विपश्यनाच सांगते. पण ‘मी मुळातच वाईट’ ही टोचणी ज्याला झोपू देत नाही, त्याने तिबेटी वाटेने जावं. शिबिरातल्या मौनात ती टोचणी कधीकधी वाढते. गुरू मिळेपर्यंत त्याने अंगुत्तर निकायातलं एक वचन जवळ ठेवावं: चित्त प्रभास्वर, म्हणजे स्वतःच उजळ, आहे, मळ पाहुणा म्हणून आलेला आहे. हे वचन पालीतलंच आहे.