सह्याद्रीच्या वाटांवर होका स्पीडगोट ५

सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेवर पावसाळ्यात एकाच धावेत चिखलही लागतो आणि शेवाळलेला काळा कातळही, त्यामुळे बूट निवडताना तळाच्या खुंट्यांइतकाच (म्हणजे मातीत रुतणाऱ्या उंचवट्यांइतकाच) रबराचा प्रकारही पाहावा लागतो. माझ्या आधीच्या जोडीच्या (नाव राहू द्या) खुंट्या खोल होत्या, चिखलात त्या उत्तम रुतत. पण रबर कडक असल्याने ओल्या दगडावर पाय साबणावर ठेवल्यासारखा सटकत असे. होका कंपनीच्या स्पीडगोट ५ या डोंगरवाटांवर धावण्याच्या बुटाच्या तळाला व्हिब्रम कंपनीचे मेगाग्रिप हे ओल्या दगडावरही पकड घेणारे रबर आणि 5 मिलिमीटरच्या खुंट्या आहेत, आणि उतारावर ओल्या कातळावर टाच टेकताना पहिल्यांदाच मी श्वास रोखला नाही. चिकट माती मात्र खुंट्यांमध्ये लिंपून बसते, तेव्हा दगडावर बूट आपटून ती पाडावीच लागते.

टाच आणि चवडा यांच्या उंचीत 4 मिलिमीटरचा फरक असल्याने, जास्त फरकाच्या बुटांची सवय असलेल्यांनी पोटऱ्यांना काही आठवडे द्यावेत. रुंद पंजा असेल तर रुंद मापच मागावे. जाड गादीमुळे पायाखालची जमीन नीट जाणवत नाही. ज्यांना ती जाणवायला हवी, त्यांना हा बूट रुचणार नाही. डांबरी रस्त्यावर खुंट्या लवकर झिजतात, म्हणून पायथ्यापर्यंत मी चपला घालूनच जातो.