पन्हाळ्याच्या चढाला मिड-ड्राइव्ह मोटर: ओढते किती, टिकते किती

कोल्हापुरात सायकलला मोटर लावायची म्हटलं की दुकानदार सरळ हब मोटर दाखवतो, मागच्या चाकात बसवली की झालं काम. शाहूपुरी ते राजारामपुरी एवढंच फिरणार असाल तर तीच घ्या, स्वस्त आहे आणि तिला काही बघावं लागत नाही. पण ज्याला वाघबीळवरनं वर पन्हाळ्याला नाहीतर जोतिबाला जायचंय त्यानं मिड-ड्राइव्हच, म्हणजे पॅडलजवळ बसणारी मोटर घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. आणि सगळे विचारतात ना, "टिकते का रे?", तर त्याचं उत्तर मोटरपेक्षा तुम्ही गिअर कसा वापरता त्यात जास्त आहे.

माझ्या जुन्या एमटीबीवर, म्हणजे माउंटन बाइकवर, बाफांग कंपनीची बीबीएस०१ ही मिड-ड्राइव्ह मोटर आहे, ३६ व्होल्ट, २५० वॅट. ७५० वॅटची बीबीएस०२ घे म्हणून लय जण मागं लागले होते, पण आपल्याकडं २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर गेलं की कायद्यानं ती सायकल राहत नाही, नोंदणी, लायसन्स, इन्शुरन्स सगळं मागं लागतं. आणि खरं सांगतो, घाटात २५० वॅट पुरतात. हब मोटरला एकच गिअर, चढ आला की चाक हळू फिरतं, करंट तेवढाच खाते आणि त्याची निम्मी उष्णता होते. मिड-ड्राइव्ह क्रँकला, म्हणजे पॅडलच्या दांड्याला असते, तिचा जोर चेनमधनं मागच्या गिअरवर जातो, म्हणजे तुमच्या पायाला जो हलका गिअर मिळतो तोच मोटरला पण मिळतो. पुढं ४६ दात्यांची रिंग आणि मागं ३४ दाते, पाय भराभर मारायचे, घाट विनातक्रार चढतो. वर पोचल्यावर मोटरच्या बॉडीला हात लावून बघा, कोमट लागेल. तोच चढ जड गिअरवर दाबून चढा, हात ठेववणार नाही. मोटरच्या आत पहिला मोठा गिअर नायलॉनचा असतो, आवाज कमी यावा म्हणून मुद्दाम तसा ठेवलाय, आणि नायलॉनचे वैरी म्हणजे उष्णता आणि सुकलेलं ग्रीस. तो गिअर सुटा मिळतो, मोटर खोलून बदलता येतो, त्यामुळं मोटर फेकून द्यायची वेळ सहसा येत नाही. मधनं आधनं उघडून ग्रीस बघितलं तर उत्तमच.

खरी झीज होते ती चेनची. पायाचा जोर आणि मोटरचा जोर एकाच चेनवर पडतो, त्यामुळं साध्या सायकलपेक्षा ती लवकर लांबते आणि मागचे ११-१३ दात्यांचे छोटे गिअर आधी खाऊन टाकते, मग जोर दिला की चेन दात्यावरनं सटकते. चेन किती लांबली ते मोजणारा चेन चेकर घ्या, फार महाग नसतो, ०.७५ टक्क्यांना पोचायच्या आत चेन बदला म्हणजे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या गिअरचा संच, वाचतं. गिअर टाकताना मोटर चालू ठेवू नका, किटसोबत जे ब्रेक लिव्हर येतात त्यात कट-ऑफ असतो, लिव्हर किंचित दाबायचा, मोटर बंद, गिअर टाकायचा, सोडायचा. सवय व्हायला वेळ लागतो पण चेन तुटायची भीती जाते.

आता बसवणाऱ्या दुकानाबद्दल. नाव घेत नाही, पण त्यानं मोटर धरून ठेवणारी लॉकिंग रिंग नीट आवळलीच नव्हती, साध्या पान्यानं ठोकून बसवलेली. रंकाळ्याच्या बाजूला प्रत्येक स्पीडब्रेकरला खालनं टक्क आवाज यायचा, मोटर अख्खी हलत होती. असंच चालवलं असतं तर बीबी शेलचे, म्हणजे फ्रेममध्ये क्रँकचा दांडा बसतो त्या नळीचे, आटे गेले असते, म्हणजे फ्रेमच गेली. शेवटी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडनं त्या रिंगच्या खाचांच्या मापाचा पाना करून घेतला, भावानं समोर बसून प्लेट कापून दिली, काय फिटिंग बसलं, विषय हार्ड! तेव्हापासून रिंग अधनंमधनं तपासतो, आवाज नाही.

पावसाचं म्हणाल तर जुलैतल्या आपल्या धो धो पावसात मोटरला काही झालं नाही, पण वॉशिंग सेंटरवर प्रेशरनं धुऊ नका, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. मागच्या चाकाजवळच्या स्पीड सेन्सरवर चिखल बसतो तो पुसत जा.

एक गोष्ट मात्र मला आवडत नाही, बीबीएस०१ ला टॉर्क सेन्सर, म्हणजे पायाचा जोर मोजणारा सेन्सर नाही. पाय फिरतात का एवढंच बघते, किती जोर लावताय ते नाही. बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्सला आणि शिमानोच्या ईपी८ ला तो असतो, जोर पण ८५ न्यूटन मीटर, पण त्या मोटरी त्यांच्यासाठीच बनवलेल्या फ्रेममध्ये बसतात, जुन्या सायकलला नाहीत. जुन्या सायकलला टॉर्क सेन्सरच पाहिजे असेल तर टोंगशेंगची टीएसडीझेड२ आहे.

आणि ऑर्डर करायच्या आधी बीबी शेलची रुंदी कॅलिपरनं मोजा, ६८ मिलिमीटर आहे का ७३ ते बघा. प्रेस-फिट, म्हणजे शेलला आटे नसलेली फ्रेम असेल तर वेगळा अडॅप्टर लागतो, तो बसवणाऱ्याकडं आहे का ते आधी विचारा.