विपश्यना शिबिराचा अनुभव: मनाला फरक पडते, मेंदूच्या गोष्टी जपून ऐका

कापसाची शेवटची वेचणी आटोपली अन् नागपूरजवळच्या केंद्रात १० दिवसांचं विपश्यना ध्यानाचं शिबिर करून आलो, आमच्या दारव्ह्याकडचे बरेच जण विचारून राहिले की खरंच काही होते का, म्हणून सगळं लिहितो.

सोय चांगली. फी नाही, राहणं-जेवण जुन्या साधकांच्या दानावर चालते आणि नवीन माणसाकडून दान घेतात ते बी शिबिर पूर्ण झाल्यावरच. मोबाईल जमा, बोलणं बंद, वही-पेन पण नाही. पहाटे ४ ला घंटा, दिवसाला साधारण १० तास बसणं, ११ ला जेवण (आपल्या इकडल्या जिभेला तिखट कमी वाटेल), रात्री ही विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन.

पहिले तीन दिवस फक्त नाकाजवळचा श्वास पाहायचा, चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत अंगावर काय जाणवते ते पाहायचं, खाज आली तरी नुसतं पाहायचं. गुडघे लय दुखतात. पण तिथंच खरी गोष्ट कळते, दुखणं एक अन् त्याचा वैताग दुसरा. सोसायटीच्या कर्जाचा विचार आला की छातीत धडधड व्हायची, ती धडधडच पाहत बसलो तर हळूहळू उतरायची. कर्ज तेवढंच आहे, पण झोप चांगली लागून राहिली, अन् हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

१९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. बी. के. आनंद यांच्या टीमनं योग्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी तपासल्या होत्या. त्यातल्या दोघांनी ४ अंशाच्या थंडगार पाण्यात पाऊण तास हात ठेवला तरी शांतपणाच्या अल्फा लहरी तुटल्या नाहीत. गुडघ्यांनी रडवल्यावर मला याची किंमत समजली.

आता व्हॉट्सॲपवर फिरते ते "ध्यानानं ८ आठवड्यांत मेंदू बदलतो". हे मुख्यतः २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासावरून आलं, त्यात ध्यान शिकणारे फक्त १६ जण होते, अन् ते विपश्यनेचं शिबिर नव्हतं, जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला एमबीएसआर नावाचा कोर्स होता. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या टीमनं दोनशेवर लोक घेऊन तेच पुन्हा तपासलं तर मेंदूच्या रचनेत असा काही फरक सापडला नाही. त्या टीममध्ये रिचर्ड डेव्हिडसन स्वतः होते, ज्यांनी अख्खं आयुष्य ध्यानाच्या संशोधनात घातलं, तरी जे दिसलं ते छापलं, मला हे लय आवडलं.

मग फायदा खोटा काय? नाही. २०१४ मध्ये ध्यानावरच्या ४७ चाचण्या अन् त्यातल्या ३५१५ लोकांचा आढावा निघाला, त्यात चिंता, उदासी अन् अंगदुखी यात थोडाफार फायदा दिसला, पण औषध किंवा व्यायामापेक्षा ध्यान जास्त भारी, असं काही दिसलं नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, घरात कोणी नापिकीनं खचला असेल, जेवत नसेल, जगायचं नाही म्हणत असेल, तर त्याला "दहा दिवस बसून ये, बरा होशील" म्हणून एकट्याला पाठवू नका. आधी डॉक्टरकडं न्या, नाही तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा, तो फुकट आहे. इतका वेळ गप्प बसल्यावर काहींना भीती, घबराट, झोप उडणं असा त्रास होते, हे संशोधनात बी नोंदलं आहे. फॉर्ममध्ये मानसिक आजार अन् गोळ्यांबद्दल विचारतात तिथं खरं लिहा, लपवू नका, अन् चालू गोळ्या मनानं बंद करू नका.

बाकी तब्येत ठीक असेल तर नक्की जा. अर्ज ऑनलाइन भरायचा, सुगीनंतरच्या तारखा लवकर भरतात, बायांची राहायची सोय वेगळी आहे. थंडीत जाणार असाल तर जाड शाल न्याच, पहाटेच्या हॉलमध्ये गारठा असते.