पावसाळी हवेत बॅटचं रबर चिकटवायचंय? ग्लू पातळच घ्या

रत्नागिरी असो, चिपळूण असो की कुडाळ, टेबल टेनिसचं रबर चिकटवायला ग्लू घेताना ब्रँडच्या आधी तो किती पातळ आहे ते बघावं. आज नियमात बसणारे बाटलीतले ग्लू पाण्यावरचे असतात, म्हणजे बहुतेक वेळा पाण्यात मिसळलेलं नैसर्गिक रबराचं लॅटेक्स (चीक). पाणी उडून गेल्याशिवाय ते चिकटत नाही आणि जुलैमध्ये आपल्याकडच्या हवेतला ओलावा सहज ८५ टक्क्यांच्या वर असतो. जाड थर दिला की वरून साय धरते आणि आत ओलं राहतं. तसंच रबर बसवलं तर दोन दिवसांत मध्ये फुगे येतात, कडा सुटतात.

या कसोटीवर बटरफ्लाय कंपनीचा फ्री चॅक कोकणासाठी सर्वात भरवशाचा वाटतो. दुधासारखा पांढरा, पातळ, सहज पसरणारा आणि सुकला की पूर्ण पारदर्शक. ३७ मिलीच्या बाटलीत काटकसरीने सहा बाजू, म्हणजे तीन बॅट होतात. महाग पडतो हे खरं, पण रबरांच्या जोडीची किंमत पाहता इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. रिव्होल्यूशन नंबर थ्री हा दुसरा चांगला पर्याय. तो वेगवेगळ्या दाटपणात मिळतो. दाट प्रकार एका थरात काम करतो म्हणून लोकांना आवडतो, आणि ऑक्टोबर ते मेपर्यंत तो खरंच सोयीचा आहे. पावसाळ्यासाठी मात्र त्याचा दाट प्रकार मागवू नका. शिवाय तो नवशिक्यांच्या हातून एकसारखा पसरत नाही, रेघा राहतात आणि त्या रबराखाली बोटाला जाणवतात.

लाकडाचा फेव्हिकॉल आणि सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन दोन्ही नकोत. फेव्हिकॉल सुकून कडक होतो, रबराखालच्या स्पंजाची उसळी मारतो आणि रबर काढताना लाकडाचा पापुद्रा सोबत घेऊन येतो. पंक्चरच्या सोल्युशनमधलं द्रावक स्पंज फुगवतं. त्याने चेंडू जोरात जातो, म्हणूनच एके काळी जगभर असे ग्लू वापरले जात. पण ती वाफ शरीराला घातक, आणि २००८ च्या सप्टेंबरपासून असे ग्लू आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाद झाले आहेत. जिल्हा पातळीवर कोणी तपासत नाही म्हणून बंद खोलीत मुलांच्या हाती ते देणं योग्य नाही.

बाटली कुरियरने आली की आधी हलवून बघा. आत गुठळ्या किंवा रबराचे धागे असतील तर लॅटेक्स फाटलेलं आहे. गाळून उपयोग नाही, परत करा. झाकण उघडताच अमोनियाचा वास येतो, तो मात्र चालतो.

आता लावण्याकडे वळू. रबराच्या स्पंजावर मध्यभागी साधारण ३ ते ४ मिली ग्लू ओता आणि क्लिपमध्ये धरलेल्या ओल्या स्पंजाच्या तुकड्याने एकाच दिशेने, न थांबता पसरवा. अर्ध्या मिनिटात आटपा. ग्लू धरू लागल्यावर परत परत घासलं की त्याच्या वळकट्या होतात. टेनर्जीसारख्या रबरांच्या मोठ्या छिद्रांच्या स्पंजाला पहिला थर पिऊन टाकायची सवय असते, त्याला दुसरा पातळ थर लागतोच. हरिकेनसारख्या चिनी रबरांचा स्पंज घट्ट विणीचा; त्यावर ग्लू वरच राहतो, एक थर पुरतो. लाकडावर २ मिलीचा एकच थर. लिंबा किंवा हिनोकी लाकडाचा वरचा प्लाय (पातळ थर) असेल तर आधी वॉर्निशचा अगदी पातळ हात देऊन एक दिवस सुकवा, नाहीतर पहिल्यांदा रबर काढताना कुसळं निघतील.

थर वाढवण्याचा मोह आवरावा, कारण ग्लूसकट रबराची जाडी ४ मिलिमीटरच्या वर गेली की बॅट नियमात बसत नाही. २.१ मिलिमीटर किंवा मॅक्स, म्हणजे सर्वात जाड, स्पंजात आधीच फारशी जागा उरलेली नसते.

सुकवणं हीच खरी कोकणची परीक्षा. मे महिन्यात अर्ध्या तासात काम होतं, पावसाळ्यात प्रत्येक थराला दोन तासही लागू शकतात. पडवीत ठेवू नका, चिऱ्याच्या भिंतीलगतही नको. आतल्या खोलीत, पंख्याखाली, दारं-खिडक्या लावून ठेवा. एसी असेल तर ड्राय मोड उत्तम. हेअर ड्रायरची फक्त थंड हवा वापरावी. गरम हवेने वरची साय लवकर धरते आणि रबरही बिघडतं. दिवे जाण्याच्या दिवसांत संध्याकाळी काम काढू नये, पंखा बंद पडला की अर्धवट सुकलेला थर रात्रभर तसाच राहतो.

घड्याळापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. रबर खिडकीच्या उजेडात तिरकं धरा. स्पंजाच्या छिद्रांत कुठेही पांढरा ठिपका दिसला तर अजून पाणी आहे. रबराच्या स्पंजाने पाणी प्यायलं की रबर पापडासारखं वर वळतं. सुकत गेलं की आपोआप बरंचसं सपाट होतं. वळलेलं असतानाच दाबून बसवलं तर कडा कायम ओढ घेत राहतात.

बसवताना दुसरी संधी नसते. दोन्ही सुके थर टेकले की धरलेच. म्हणून रबराची शिक्क्याची बाजू मुठीच्या कडेला नीट रेघेत टेकवा आणि गोल बाटली किंवा लाटणं हलक्या हाताने वरच्या टोकाकडे फिरवत न्या. रबर ताणू नका. मग बॅट दोन सपाट पुस्तकांमध्ये तासभर ठेवून कापा: बॅट रबराच्या बाजूने पालथी, खाली जाड पुठ्ठा, कटरचं नवं पातं, आणि मनगट न उचलता एकच सलग फेरी. खाऱ्या हवेत पाती लवकर गंजतात, आणि गंजलेल्या पात्याने स्पंज फाटतो.

बिनस्पंजाच्या लांब पिंपल्सना, म्हणजे लांब दाण्यांच्या रबरांना, बाटलीतला ग्लू लावू नये. पातळ रबर ओलाव्याने गुंडाळलं जातं. त्यासाठी दोन्ही बाजूंनी चिकट असलेली ग्लू शीट घ्यावी, तिला सुकवणं नाही.

रबर बदलताना मुठीकडचा कोपरा सोडवा आणि लाकडाला जवळजवळ समांतर ठेवत सावकाश ओढा. उभं उपटलं की प्लाय उचलला जातो. मागे राहिलेला ग्लू अंगठ्याने चोळला की गोळी होऊन निघतो, पाणी किंवा थिनर लागत नाही. उरलेल्या बाटलीचं तोंड पुसून झाकण घट्ट लावा आणि ती कपाटात, उन्हापासून लांब ठेवा. फ्रीझरमध्ये नको, गोठलेलं लॅटेक्स पुन्हा एकजीव होत नाही.