दहा दिवसांचं मौन की वीस दिवसांची वारी? सुट्टी एकदाच मिळणार असेल तर

परवा ऑफिसमधल्या एका मुलाने विचारलं, "सर, सुट्ट्या साठल्यात, डोकं पार भणभणलंय, विपश्यनेला जाऊ की पायी वारीला?" चहा संपेपर्यंत जेवढं सुचलं तेवढं सांगितलं, पण मनासारखं सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. मी दोन्ही केलंय. विपश्यना जानेवारी २०१९ मध्ये, आणि आळंदी ते पंढरपूर पायी वारी २०२२ ला आणि परत २०२३ ला.

दोन्हीकडे काय असतं हे साधारण सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे वेळापत्रक देत बसत नाही. मी का गेलो तेवढं आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. २०१८ च्या अप्रेझलमध्ये माझं प्रमोशन हुकलं आणि माझ्याहून चार वर्षांनी ज्युनिअर असलेला मुलगा माझा मॅनेजर झाला. मुलगा चांगला होता, अजूनही आहे, त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. पण मला रात्री तीनला जाग यायला लागली, आणि जाग आली की मी फोन काढून बॅचमेट कोण कुठे पोचलं ते बघत बसायचो. कोण सिंगापूरला, कोण डायरेक्टर, कुणाचा तिसरा फ्लॅट. शांतता पाहिजे असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो, पण खरं दुखणं वेगळं होतं, आपण जिंकलो की हरलो हे मला कळत नव्हतं आणि ते कुणीतरी सांगावं असं वाटत होतं.

आधी विपश्यना. इगतपुरीचं धम्मगिरी सगळ्यांना माहीत असतं, पण केंद्रं महाराष्ट्रात बरीच आहेत, मी बसलो ते दुसरं, छोटं होतं. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून ही पद्धत घेऊन भारतात आले, ते २०१३ मध्ये गेले, पण शिबिरं आजही त्यांच्याच आवाजातल्या टेपवर चालतात. एक गोष्ट मला मनापासून आवडली, ती म्हणजे पैसे मागत नाहीत. राहणं-जेवण सगळं आधी बसून गेलेल्या लोकांच्या दानातून, आणि तुम्ही काही द्यायचं ते शिबिर पूर्ण झाल्यावर, तेही इच्छा असेल तर. आजकाल शांतीच्या नावाखाली वीकेंडचे जे भाव लावतात ते बघितले की याची किंमत कळते.

पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा. फोन जमा, वही-पेन नाही, कुणाकडे बघून हसायचंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीबाहेरच्या पायरीवर बसलो होतो आणि एक मुंगी साखरेचा दाणा घेऊन जात होती, ती पायरीची कड ओलांडेपर्यंत मी बघत राहिलो, दहा मिनिटं तरी झाली असतील. आणि मग लक्षात आलं की या दहा मिनिटांत मॅनेजर, बॅचमेट, फ्लॅट यातलं काहीच डोक्यात आलं नव्हतं. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. त्यामुळे विपश्यना काम करत नाही असं कुणी म्हणत असेल तर मी ते मानणार नाही, करते, चांगलं करते.

चौथ्या दिवशी खरी विपश्यना देतात आणि तिथपासून रोज तीन वेळा अधिष्ठानाची बैठक असते, म्हणजे एक तास हात, पाय, डोळे उघडायचे नाहीत, हलायचं नाही. सहाव्या दिवशी दुपारच्या बैठकीला माझा उजवा गुडघा असा पेटला की वाटलं आता उठून जावं, पण बसलो, आणि शेवटी टेपवर तो आवाज सुरू झाला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तास पूर्ण झाला होता. आणि त्याच क्षणी मनात काय आलं तर, शेजारचा माणूस दोनदा हलला, मी नाही हललो.

हे पद्धतीचं चुकलं असं मी अजिबात म्हणत नाही. रोज संध्याकाळच्या प्रवचनात तेच सांगतात, की संवेदना चांगली की वाईट याचा हिशोब ठेवू नका, फक्त समता ठेवा. पण वीस वर्षं टार्गेटवर जगलेल्या माणसाच्या हातात एक तासाचं टार्गेट दिलं की तो काय करणार? दहाव्या दिवशी मौन सुटलं, तर दहा मिनिटांच्या आत आम्ही सगळे एकमेकांना दोनच प्रश्न विचारत होतो, किती बैठका न हलता झाल्या आणि कुठल्या कंपनीत आहात.

तरी इथपर्यंत सगळं ठीक होतं. माझं गणित जिथे फिसकटलं ती गोष्ट नंतर घरी घडली. शिबिरातून निघताना सांगतात की घरी रोज एक तास सकाळी, एक तास संध्याकाळी बसा. सल्ला बरोबरच आहे, सराव सोडला तर दहा दिवसांचं कमावलेलं टिकणार कसं. मी पाचचा अलार्म लावला, कॅलेंडरवर रोज दोन टिक करायला लागलो. एक्केचाळीस दिवस सलग झाले. बेचाळिसाव्या दिवशी रात्री अमेरिकेचा कॉल लांबला आणि सकाळची बैठक हुकली, तर दिवसभर काहीतरी मोठं नुकसान झाल्यासारखं वाटत राहिलं. मग रविवारी चार तास बसून भरपाई करायला लागलो. अप्रेझलचं टेन्शन होतंच, आता ध्यानाचंही आलं.

आणि एका संध्याकाळी मुलगी, तेव्हा तिसरीत होती, शाळेतलं काहीतरी दाखवायला धावत खोलीत आली. मी डोळे न उघडताच ओरडलो, "मी शांत बसलोय ना!" ती काही बोलली नाही. दार हळूच ओढून घेतल्याचा, कडी लागू नये म्हणून जपून ओढल्याचा आवाज तेवढा आला. पुढची पंचवीस मिनिटं मी हललो नाही, बैठक पूर्ण केली. उठल्यावर तिच्याकडे गेलो तर ती झोपली होती, आणि चित्र दप्तरात परत ठेवलेलं होतं.

त्या दिवसानंतर मी बसायचं सोडलं. माझ्या बायकोने माझ्यानंतर सहा महिन्यांनी तेच शिबिर केलं आणि ती आजही रोज सकाळी बसते, कधी तास, कधी वीस मिनिटं, हुकलं तर हुकलं. तिला विचाराल तर ती यापेक्षा वेगळं सांगेल, आणि तिचंही खरं आहे. स्वभावाचा भाग आहे.

आता वारी. २०२० आणि २०२१ ला कोरोनामुळे पायी वारी झालीच नव्हती, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या, त्यामुळे २०२२ ला दोन वर्षांची ओढ साठलेली होती आणि गर्दी तशीच होती. मी आत्याच्या गावच्या दिंडीबरोबर गेलो. दिंडीची भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, भरायची, सामान ट्रकमध्ये टाकायचं, आपण चालायचं. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यांत लांबच्या टप्प्यांपैकी, वर दिवे घाट, तोच पहिला कस लावतो.

त्रास सांगतो आधी, कारण वारीबद्दल लिहिताना लोक एकदम भावुक होतात आणि हे सांगायचं राहून जातं. आवाज अखंड असतो. टाळ-मृदंग तर असतातच, त्याशिवाय कर्णे, गाड्या, गेल्या काही वर्षांत रील काढणारे. रात्री तंबूत वीस माणसं, त्यातली आठ घोरणारी. पहाटे तीनला टँकरच्या पाण्याने आंघोळ. पाऊस आला की राहुटीत चिखल. शौचालयाची सोय आधीपेक्षा सुधारलीये म्हणतात, पण बायकांचे हाल अजून होतात, हे मी आमच्याच दिंडीत बघितलंय. ज्याला एकांत हवाय त्याने वारीला जाऊन निराश होऊ नये. फोनही तुमच्याकडेच असतो, मला सासवडपर्यंत ऑफिसचे चार कॉल आले.

पण वीस दिवसांत मला कुणीही कुठल्या कंपनीत आहेस असं विचारलं नाही. गाव विचारलं, कितवी वारी विचारलं, बास. नावसुद्धा बऱ्याच जणांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं, सगळेच माउली. "माउली, जरा सरका", "माउली, मीठ द्या इकडं". मला हे आधी नुसतं बोलायची पद्धत वाटायची. वाल्ह्याच्या मुक्कामी माझ्या टाचेला कोयरीएवढा फोड आला होता, तर परभणीकडचे एक आजोबा, सत्तरीच्या पुढचे, सुई-दोरा घेऊन समोर बसले, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, काडी पेटवून सुई तापवली, फोडातून आरपार दोरा घातला आणि दोन्हीकडे दोन बोटं सोडून तोडला. "पाणी दोऱ्यावाटं जाईल, कातडं काढू नको." डॉक्टर लोक याला नाही म्हणतील, आणि तुम्हाला शुगर असेल तर हे करू नका, सरळ औषधोपचाराच्या तंबूत जा. मी सांगतोय ते त्या मांडीबद्दल. घरच्यांशिवाय कुणी माझा मळलेला पाय असा मांडीवर घेतला नव्हता, आणि मी त्यांच्यासाठी काय करू शकतो हे त्यांना माहीतही नव्हतं.

शांतता वारीतही असते, फक्त थोडा वेळ. मुक्कामाला समाजआरतीच्या आधी सगळ्या दिंड्या गोलात उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ, आणि चोपदारांनी दंड वर केला की हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच तेवढी वाजवत राहते, मग आधी तिचं ऐकून घेतात. नंतर हरवल्या-सापडल्याचं सांगतात, कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी, मग आरती. त्या चार-पाच मिनिटांत मला जे वाटलं ते विपश्यनेच्या तिसऱ्या दिवशीच्या पायरीवर वाटलं होतं तसंच होतं. मोजून सांगता येणार नाही, पण होतं तेच.

आणि यशाचं जे कोडं मी घेऊन फिरत होतो ते माझ्यासाठी पंढरपुरात सुटलं, म्हणजे सुटायला लागलं. आमच्या दिंडीत एक मावशी होत्या, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या, बाराव्या की तेराव्या वारीला आलेल्या. एकादशीला चंद्रभागेत स्नान झालं, नगरप्रदक्षिणा झाली आणि त्या पिशवी उचलून स्टँडकडे निघाल्या. दर्शनाची रांग तेव्हा गोपाळपूरच्या बाजूला कुठल्या कुठे गेली होती, कित्येक तासांची. मी विचारलं, "मावशी, दर्शन?" तर म्हणाल्या, "झालं की. कळस दिसला." आत कधी गेलात का विचारलं, तर एकदा कार्तिकीला गेले होते म्हणाल्या, पण आषाढीला पेरणी खोळंबलेली असते, थांबून चालत नाही. नामदेव पायरीच्या दिशेने हात जोडले आणि गर्दीत शिरल्या.

वीस दिवस चालायचं, आणि ज्याच्यासाठी चाललो त्याच्या पायांवर डोकं ठेवायची संधी समोर असताना कळस बघून घरी जायचं, आणि त्यात काही राहून गेलं असं मनात येऊ द्यायचं नाही. मी मावशींचं ऐकलं तरी त्या वर्षी रांगेत जाऊन उभा राहिलोच, एवढं चाललोय तर आत गेलंच पाहिजे म्हणून. पुढच्या वर्षी, २०२३ ला, कळस बघितला आणि दुपारच्या गाडीने घरी आलो. मुलीला रात्री जेवायच्या आत भेटलो.

घरी आल्यावर वारी माझ्याकडे काही मागत नाही, माझ्यासाठी फरक तिथेच पडला. माळ घातली तर नियम आहेत, एकादशी धरायची, मांसाहार सोडायचा, ते मोठं आहे आणि मी घातलेली नाही. पण माळ नसलेल्या माणसालाही वारी दारातून परत पाठवत नाही आणि हिशोबही मागत नाही. चुकलं तर पुढच्या वर्षी परत ये, एवढंच. माझ्यासारख्या प्रत्येक गोष्टीची मार्कशीट करणाऱ्या माणसाला, मला तरी असं वाटतं, हेच औषध लागू पडलं. प्रमोशन नंतर झालं का हे विचाराल तर झालं, २०२१ मध्ये, आणि त्या रात्रीही मला तीनला जाग आलीच होती. आता येत नाही असं नाही, पण आली तर फोन घेत नाही.

तर कुणी काय निवडावं? तुमचं दुखणं फोन, गोंगाट, सतत कुणीतरी बोलतंय हे असेल, तर विपश्यनेला जा, दहा दिवसांत जो आराम मिळेल तो वारीत मिळणार नाही. दहा दिवस म्हणजे सुट्टी मात्र बाराएक धरा, आदल्या दिवशी पोचायचं असतं आणि अकराव्या दिवशी सकाळी सोडतात. नैराश्याची किंवा झोपेची औषधं चालू असतील तर फॉर्ममध्ये लपवू नका, तो रकाना उगाच नाही. शुगर असेल तर तेही आधी बोलून घ्या, कारण मुख्य जेवण सकाळी अकराला आणि नव्या माणसाला संध्याकाळी फक्त चहा-फळं. आणि घरी आल्यावर दोन तासांचं जमेल का, न जमल्यावर स्वतःला किती छळाल, हे जायच्या आधी स्वतःला विचारा.

तुमचं दुखणं माझ्यासारखं असेल, म्हणजे दुसऱ्याशी तुलना, आपण मागे राहिलो ही टोचणी, तर माझं मत वारीकडे झुकतं. वीस दिवस नाही मिळाले तर आळंदी ते पुणे एक दिवस चाला, किंवा पुणे-सासवड, पण शक्य असेल तर लोणंदच्या पुढे जा, शहर मागे पडल्यावर चाल वेगळी होते. बूट नवीन घेऊ नका, महिनाभर वापरलेले न्या, मोजे चार जोड. दिंडीत नाव आयत्या वेळी लागत नाही, ओळखीतून आधी सांगून ठेवावं लागतं. त्या मुलालाही आज तेच सांगितलं, की प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला असतं, कॅलेंडर बघ आणि रजेचा अर्ज आत्ताच टाक.