पैसे आमचे, डोमेन त्यांचं

सोलापुरात वहिनींचा शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा छोटा धंदा आहे. गेल्या वर्षी त्यांनी पुण्याच्या एका एजन्सीला 'ब्रँडिंग पॅकेज'चं काम दिलं: लोगो, पाउचचं डिझाइन, वेबसाइट. 65,000 रुपये, निम्मे आगाऊ. नाव इथे घेत नाही, पण पद्धत सांगतो, कारण तीच चार ठिकाणी चालू असणार.

लोगो देखणा होता. नऊवारीतली बाई, पुढ्यात खलबत्ता. पहिली शंका आली ती पाउच छापणाऱ्याला. त्यानं ओपन फाइल, म्हणजे बदल करता येईल अशी मूळ फाइल मागितली, एजन्सीनं पीडीएफ पाठवली. त्यानं ती कोरल ड्रॉमध्ये उघडून आमच्यासमोर मोठी केली, तर खलबत्त्याची कड करवतीच्या दात्यांसारखी दिसायला लागली. पीडीएफच्या पोटात नुसतं पीएनजी चित्र चिकटवलेलं. खरी व्हेक्टर फाइल, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेली, कितीही ताणली तरी कड गुळगुळीत राहते. एजन्सीचं उत्तर: "सोर्स फाइल पॅकेजमध्ये येत नाही."

मग वांद्र्याच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनातून वहिनींचा फोन. "भाऊजी, आपली बाई इथे नाशिकच्या लोणच्यावर काय करतेय?"

फोटो गूगल लेन्सवर टाकला तर तीच बाई कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या साइटवरच्या तयार टेम्प्लेटमध्ये सापडली. नाशिकच्या ताईंची काही चूक नाही, त्यांनी ते सरळ तिथूनच घेतलं होतं. ट्रेडमार्कच्या वकिलांनी सांगितलं की असं टेम्प्लेट वापरायला कुणालाही मुभा असते, म्हणून त्यावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही आणि कॅनव्हाच्या अटींतही ते स्पष्ट लिहिलंय. शेवटी चित्र सोडून फक्त नावाच्या ट्रेडमार्कचा अर्ज केला, चटण्या-मसाल्यांसारख्या पदार्थांच्या वर्ग 30 मध्ये. व्यक्तीनं ऑनलाइन केला तर सरकारी फी 4,500 रुपये.

बिलाकडे मग नीट पाहिलं. त्यात एक ओळ होती, 'देवनागरी फॉन्ट परवाना, वार्षिक: 6,500'. लेबलच्या पीडीएफमध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडून फॉन्टची यादी बघता येते. तिथे होता 'बलू', मुंबईतल्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं केलेला. गूगल फॉन्ट्सवर तो फुकट मिळतो, धंद्यासाठीही, कारण त्याचा परवाना खुला आहे. ज्यांनी अक्षरं घडवली त्यांनी फुकट दिली आणि ज्यानं नुसती डाउनलोड केली तो वर्षाला भाडं घेतोय! मला सगळ्यात जास्त राग या ओळीचा आला.

पण खरी मान अडकली ती डोमेनमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यात. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या हू-इजमध्ये आमचं डॉट इन नाव शोधलं, तर नोंदणीदार म्हणून एजन्सीचं नाव. रजिस्ट्रारकडचं (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडचं) खातं, पासवर्ड, सगळं त्यांच्याकडे. डोमेन दुसरीकडे हलवायला लागणारा ऑथ कोड मागितला तर '40,000 ट्रान्सफर फी'. डॉट इनचा कारभार निक्सी या संस्थेकडे आहे आणि वादासाठी त्यांची आयएनडीआरपी ही लवादाची सोय आहे, पण तिथे नावावरचा हक्क आणि समोरच्याची बदनियत दोन्ही दाखवावं लागतं. नोटीस गेली आहे, उत्तर नाही. तोवर पाउचवर फक्त व्हॉट्सॲप नंबर छापलाय.

नवा लोगो गावातल्याच एका चित्रकारानं हातानं काढून दिला. या वेळी वकिलांनी कागद करून घेतला, कारण कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुबईला चटणी पाठवायची असेल तर हे आधीच लिहून घ्या. डोमेन मात्र स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डानं घ्या. डिझायनरला लागेल तेवढा लॉगिन नंतर देता येतो.

त्या एजन्सीच्या 'आमची कामं' या पानावर वहिनींचा पाउच अजून झळकतोय. आगाऊ रक्कम देण्याआधी अशा पानावरच्या दोन-तीन धंद्यांना फोन लावा. वहिनींना लावलात तर त्या सविस्तर सांगतील, फक्त हातात वेळ ठेवा.